दहा पेपरमिंट आणि एक बेल

४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तुझं माझ्या शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू येतं, म्हणून पत्र लिहिते. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. इथे तरी शेवटपर्यंत वाचावं लागेल.

नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागून मला वर्ष झालं. वर्षभर एकच दृश्य बघितलं. शेवटच्या वर्षाच्या अकरा मुली वहीत मान खुपसून बसलेल्या, मी सांगतेय, त्या उतरवून घेतायत, परीक्षेत तेच ओकतायत. आणि वॉर्डात गेल्या की सलाइन संपत आलं तरी एकीचं लक्ष नाही. मला ते सहन होईना. म्हणून मी एक खेळ तयार केला.

जुन्या सामानाच्या खोलीत दोन खाटा लावल्या, पाच नंबर आणि सहा नंबर. दोन्हींवर रबरी पुतळे. केसपेपर, औषधांची कुलूपबंद पेटी, भिंतीवर मोठं घड्याळ. मुलगी एकटी आत जाते. केसपेपर वाचून कुलपाचा आकडा शोधायचा, बरोबर औषध काढायचं, पाच नंबरच्या पेशंटला द्यायचं आणि बाहेर यायचं. पंधरा मिनिटं. मी काचेपलीकडे बसून कागदावर एकेका पायरीपुढे बरोबरची टिक करते. अडलं तर दाराशी बेल आहे. दाबली की मी मदत सांगते, पण प्रत्येक बेलला तीन मिनिटं कापते. जितकी मिनिटं उरतील तितके गुण जास्त.

मुली बदलल्या ग! जेवणाच्या सुट्टीत औषधांच्या मात्रांवरून भांडतात. एकीला सगळ्या रॉकेट म्हणतात, ती सहा मिनिटांत बाहेर. दुसरी गोगलगाय, तिचं पंधराव्या मिनिटालाही कुलूपच चाललेलं असतं. प्राचार्यबाई इतक्या खूश आहेत की यंदाच्या अंतर्गत परीक्षेचे चाळीस गुण या खेळावरच ठेवलेत. दोन सप्टेंबरला बाहेरचे पाहुणे तपासणीला येणार, त्यांच्यासमोरच परीक्षा.

तू कौतुक करशील अशी आशा नाही. पण वाच तरी.

तुझी भाची

९ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं तू थट्टा करतेयस.

कुलूप! पेशंट कळवळतोय आणि सिस्टर कुलपाचा आकडा शोधतेय. मी सदतीस वर्षं हॉस्पिटलात काढली, त्यातली सोळा मेट्रन म्हणून. औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची, ती शोधायला कोणाला कोडी सोडवावी लागली नाहीत. पुढच्या वर्षी लंगडी घालत इंजेक्शन द्यायला शिकव. पाहुणे टाळ्या वाजवतील.

आणि पुतळा फारच गुणी पेशंट हो! तो ओकत नाही, खोटं बोलत नाही, गोळी जिभेखाली धरून नंतर खिडकीबाहेर थुंकत नाही. 'आमच्या आईला आधी बघा' म्हणून ओरडणारे नातेवाईकही त्याला नाहीत. त्याला बरं करून दाखवलं याचं काय एवढं?

आमच्या वेळी लेखी परीक्षा होती. प्रश्न, पाच मुद्दे, मुद्द्यांखाली रेघ. त्यातच मी पहिली आले आणि पदक मिळालं. तेच पदक दादाने तुमच्या दिवाणखान्यात टांगलं आणि ते बघत बघत तू या धंद्यात आलीस. आता ते बिचारं भिंतीवरून तुझे खेळ बघतंय.

एक मात्र लिहायला विसरलीस. ती गोगलगाय पंधरा मिनिटं करते काय? घड्याळाकडे बघणाऱ्या बाईला तेवढं दिसलं नसेलच म्हणा.

आत्या

१६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझ्या पाच मुद्द्यांचं मला सांगू नकोस. तुझ्या हाताखाली शिकलेल्या एक बाई आमच्या कॉलेजात आहेत. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून तू त्यांना अख्खी खाट पुन्हा करायला लावली होतीस आणि तोवर पेशंट खुर्चीत कुडकुडत बसला होता. शंका विचारली की तू म्हणायचीस, 'एवढंही येत नाही तर इथे कशाला आलीस?' त्या बाई आता पन्नाशीच्या आहेत. तुझा विषय निघाला की अजून खुर्चीत सरळ होऊन बसतात. घोकंपट्टी आणि धाक, एवढंच होतं तुमच्याकडे. माझ्या खेळात निदान कोणी रडत नाही.

गोगलगाय काय करते? हात धुते. खोलीत नळ नाही, भिंतीवर नळाचं चित्र चिकटवलंय. त्या चित्रापुढे उभी राहून वीसपर्यंत आकडे मोजते. पुतळ्याला सांगते, आता तुमची नाडी बघते हं. मनगटावरची पट्टी वाचते, केसपेपर वाचते, पुन्हा पट्टी वाचते. मग बेल दाबून विचारते, मॅडम, डोस बरोबर आहे ना? घड्याळ संपतं. बाकीच्या खिदळतात.

आता आव्हान. पाच नंबरच्या पुतळ्याची मान मोडली आहे आणि नवा यायला दोन महिने लागणार. त्या खाटेवर जिवंत माणूस हवं. एवढं तोंड चालवतेस तर ये आणि झोप तिथे. तू साठीची बाई, पोटात दुखतंय. नाव आणि नोंदणी नंबर छापलेली पट्टी मनगटाला बांधेन, शेजारच्या पुतळ्याला त्याची. औषधाच्या जागी पेपरमिंट ठेवते. ठरल्यापेक्षा एक शब्द जास्त बोलायचा नाही.

तुझी भाची

२० ऑगस्ट

मास्तरीणबाई,

येते. साठीची म्हणालीस म्हणून येते, नाहीतर एकाहत्तरच्या बाईला कोण बोलावतं!

उशी मऊ ठेवू नकोस, हॉस्पिटलात मऊ उशी असते असं तुझ्या मुलींना वाटायला नको. आणि काळजी करू नकोस, एक शब्द जास्त बोलणार नाही. पेशंट तसाही 'हो'पलीकडे काय बोलतो?

आत्या

४ सप्टेंबर

आत्या,

'प्रिय' लिहीत नाही, समजून घे.

पट्ट्यांची अदलाबदल तू केलीस. मी बांधलेली तुझी पट्टी पुतळ्याच्या हाताला आणि पुतळ्याची तुझ्या! एवढ्या पाहुण्यांसमोर, माझ्या परीक्षेत! पाच वर्षांच्या पोरीसारखी खोडी काढलीस आणि वर पांघरूण घेऊन कण्हत पडलीस.

दहा मुलींनी खेळ पुरा केला. रॉकेटने साडेपाच मिनिटांत. फळ्यावर गुण झळकले, पाहुणे खूश झाले. शेवटची गोगलगाय. तिने तुझा हात धरला आणि तिथेच अडकली. तीनदा बेल दाबून तिने गोंधळ घातला, वेळ संपली, आणि मी आत येऊन बघते तर हा प्रकार. प्राचार्यबाईंनी पाहुण्यांना चहाला नेलं म्हणून माझी अब्रू वाचली.

तुला खेळ आवडत नाही हे मला माहीत होतं. पण मला तोंडघशी पाडायला तू एवढा प्रवास करून येशील असं वाटलं नव्हतं.

तुझी भाची

८ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

माझे दात अजून ठणकताहेत. दहा पेपरमिंट खाल्ले मी त्या दिवशी. दहा मुली, दहा गोळ्या, आणि सगळ्या दुसऱ्याच्याच नावाच्या पेशंटला. खऱ्या असत्या तर हे पत्र तुला आलं नसतं.

तू काचेपलीकडे होतीस, मी खाटेवर होते. खाटेवरून काय दिसलं ते ऐक. तुझी ती रॉकेट आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आजी, तुम्हीच पाच नंबर ना?' मी म्हटलं हो. पेपरमिंट तोंडात, पोरगी दाराबाहेर. दुसरीने विचारलं, 'तुमचंच पोट दुखतंय ना?' हो. सातवीने कुठलं तरी भलतंच नाव घेतलं. हो. नववी घाईत मला 'आजोबा' म्हणाली, तेव्हासुद्धा मी हो म्हटलं! गोळी मिळाली.

मग ती आली. चित्रातल्या नळाखाली हात धुतले. माझ्याजवळ बसली, उभी नाही राहिली, बसली. म्हणाली, 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगाल का?' आणि मी गप्प. दिवसभरात तो एकच प्रश्न असा होता की त्याला नुसतं हो म्हणून चालत नव्हतं. मी कण्हत राहिले. तिने पट्टी वाचली, केसपेपर वाचला, पुन्हा पट्टी वाचली. तिचे हात गार पडले होते, भिंतीवर घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मला म्हणाली, 'घाबरू नका आजी, गोळी थांबवते, आधी विचारून घेते.' स्वतःची वेळ संपत होती आणि मला धीर देत होती. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पुढे बेलनंतर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, कान तुला ठाऊकच आहेत. तू मला दंडाला धरून मागच्या दाराने काढलंस. ती पहिली आली असेलच. तिला माझे आशीर्वाद सांग. आणि रॉकेटला सांग, आजोबा बरे आहेत. नववीचं पाप तिच्या माथी मारतेय, पण ती अजून थोडी वर गेली तर तिला जमिनीवर कोण आणणार?

आत्या

२२ सप्टेंबर

आत्या,

दोन आठवडे हे पत्र लिहून फाडतेय.

ती पहिली आली नाही. ती नापास झाली. नियमाप्रमाणे तीन बेलांना नऊ मिनिटं कापली, औषध दिलं नाही, शून्य. गुणपत्रकावर सही माझी आहे. मी प्राचार्यबाईंना म्हटलं, हिचं पुन्हा बघू या. त्या म्हणाल्या, 'पाहुण्यांनी फळा बघितलाय. आता काय त्यांना सांगायचं, की दहाजणी चुकल्या? नियम तुमचाच होता ना?' नियम माझाच होता. मी सही केली.

आणखी एक तुझ्यापासून लपवलं. बेल दाबून ती मला म्हणाली, 'मॅडम, या आजींच्या हाताला सहा नंबरच्या पेशंटची पट्टी आहे.' मला वाटलं, घाबरून तिचा गोंधळ उडालाय. पाहुणे शेजारी बसले होते. मी म्हटलं, 'वेळ जातोय, पुढे चल.' तिने पुन्हा बेल दाबली. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा तर हसले. ती पुढे गेली नाही.

आणि माझ्या टिकांच्या कागदावर एक ओळ आहे, 'ओळख पटवली'. त्यापुढे दहा टिका आहेत. 'तुम्हीच ना' म्हटलं की मी टिक करत होते. अकराव्या नावापुढे फुली आहे.

तिच्या घरून निरोप आलाय, वर्ष वाया घालवायचं असेल तर परत ये. महिनाअखेर ती खोली सोडणार. काल मला भेटायला आली होती. तक्रार नाही, रडणं नाही. विचारलं काय, तर 'त्या आजींना खरंच काही दुखत नव्हतं ना?'

एक विचारते, खरं सांग. तू पट्ट्या का बदलल्यास? नुसती माझी जिरवायला?

तुझी भाची

२६ सप्टेंबर

चिमे,

लहानपणी हाक मारायचे तशी मारतेय. हे दादालाही माहीत नाही, तुझ्या आईलाही नाही.

तुझी जिरवायची होतीच. पण तेवढ्यासाठी मी गाडीत सात तास कंबर मोडून घेतली नसती.

शेवटच्या परीक्षेत आम्हाला प्रश्न होता, 'रुग्णाची ओळख कशी पटवावी?' मी पाच मुद्दे लिहिले, रेघा मारल्या, पाचपैकी पाच. त्यानंतर तीन महिन्यांनी, दुपारी, मोठ्या वॉर्डात मी एकटी होते. साखरेच्या आजाराचं इंजेक्शन सतरा नंबरला द्यायचं होतं. सतरा आणि अठरा, दोघे म्हातारे. अठराला खिडकीचा वारा हवा होता म्हणून त्यांनी आपसात खाटा बदलल्या होत्या. मी ट्रे घेऊन गेले, घाईत. विचारलं, 'सतरा नंबर ना?' त्याने मान हलवली. हो. मी टोचलं.

दहा मिनिटांनी शेजारचा म्हणाला, 'बाई, माझं इंजेक्शन राहिलं का?'

तिथेच सगळं सांगायला हवं होतं. मोठ्या सिस्टर खालीच चहाला गेल्या होत्या. पण मी पहिली आलेली होते ना! एवढंही येत नाही तर इथे कशाला आलीस, हे वाक्य माझं नाही, ते मी त्यांच्याकडून ऐकलेलं होतं. मी चाळीस मिनिटं गप्प बसले. मधूनमधून जाऊन त्याला बघत होते. त्याला घाम सुटला होता, मी पुसला. हलवूनही उठेना तेव्हा बोलले. डॉक्टर धावले, साखर चढवली, जीव वाचला. पण संध्याकाळी त्याची मुलगी भेटायला आली तर त्याने तिला ओळखलं नाही. त्यानंतर कधीच नाही. मोठ्या सिस्टरांनी सगळं दाबलं. मला म्हणाल्या, 'होतं असं, तू हुशार आहेस.' पुढच्या महिन्यात मला पदक दिलं. टाळ्या झाल्या.

मग मी काय केलं? सोळा वर्षं मेट्रन म्हणून मुलींच्या चादरीचे कोपरे तपासले आणि शंका विचारणारीला तेच वाक्य ऐकवलं. तुझ्या खेळाला मी नाकं मुरडली, पण तू निदान दाराशी बेल ठेवलीस. तिला दंड लावलास एवढंच. आम्हीही लावलाच होता. फक्त तुझ्यासारखा नियमात लिहून नव्हता.

आता तुझं. चाळीस मिनिटं संपत आली आहेत.

आत्या

१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं त्याच सकाळी मी टिकांचा कागद घेऊन प्राचार्यबाईंकडे गेले. म्हटलं, दहाही टिका खोट्या आहेत आणि अकरावी फुलीही. परीक्षक चुकलाय, निकाल रद्द करा. त्या म्हणाल्या, 'असं लेखी द्याल?' त्यांना वाटलं मी कच खाईन. मी तिथेच बसून लिहिलं आणि सही केली.

मग जे व्हायचं ते झालं. खेळाची खोली माझ्याकडून काढून घेतली. वर्षभर मला परीक्षक नेमणार नाहीत. सध्या मी भांडारात चादरी मोजते, तुला हसू येईल. पाहुण्यांना काय कळवलं ते मला सांगितलं नाही.

पण परीक्षा पुन्हा झाली. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर परीक्षक होत्या, त्यांनी माझी एक लेखी सूचना मात्र मान्य केली: बेल दाबली की घड्याळ थांबतं, एकही मिनिट जात नाही. पट्ट्या त्यांनी न सांगता बदलल्या. अकरापैकी सातजणींना कळलं. रॉकेटने बेल दाबली. दातओठ खात, पण दाबली.

गोगलगाय सातवी आली. पास झाली. सामान बांधलेलं होतं, ते तिने सोडलं. हात धुताना वीसच्या ऐवजी आता तीस मोजते असं ऐकते.

पदकाचं तू काही लिहिलं नाहीस. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. काढू का ते भिंतीवरून?

तुझी भाची

२४ ऑक्टोबर

चिमे,

चादरींचे कोपरे नीट दुमड.

बेलला दंड नाही, हा काय नियम झाला? आता बघ, एकेक पोरगी कारण नसताना बेल वाजवत सुटेल. सिस्टर, सुई टोकदार बाजूने टोचायची ना? सिस्टर, पेशंट झोपलाय, उठवू का? बिचाऱ्या त्या जुन्या सिस्टरांना चहा प्यायलाही वेळ मिळायचा नाही.

वाजवू देत.

पदक राहू दे, दादाला वाईट वाटेल. दादाला खरं काय ते मीच येऊन सांगते, या वेळी मऊ उशी ठेव.

आणि त्या मुलीला एक सांग. त्या दुपारी वॉर्डातल्या टेबलावर पितळेची बेल होती. ती वाजवली की खालच्या चहाच्या खोलीत ऐकू जायची. त्या चाळीस मिनिटांत त्याला बघून टेबलाशी परतले की माझा हात त्या बेलवरच असायचा.

आत्या